सव्विसाचा महिना, तिसाचा महिना

दिवाळी सरली, पाहुणे परतले आणि घर पुन्हा दोन माणसांचे झाले, त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दिवेलागणीला शेजारची मुलगी आली. हातात घडी घातलेला एक कागद होता. ती खामगावच्या बाजारात एका मोठ्या कापड-रेडिमेडच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दुकानात पंचवीस-तीस माणसे कामाला आहेत. दुकानाचे नाव सांगत नाही. ते सांगून काही साधणार नाही, कारण थोड्याफार फरकाने अशी दुकाने मलकापूरला आहेत, चिखलीला आहेत आणि वाचक जिथे राहतात तिथेही असतील.

"काका, तुमी बँकेत होते ना? मले जरा ह्या पगाराचा हिशेब समजून द्या. पैसे कमी हायेत असं वाटून राह्यलं. पन कुठं कमी हायेत थे सापडत नाही."

छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब केला. निवृत्तीनंतर कादंबऱ्यांची मुद्रिते तपासतो. पण आकड्यांचा कागद समोर आला की डोळे आपोआप बेरजेच्या रेघेखाली जातात. मी चष्मा चढवला.

पगार महिना ११,७०० रुपये. दोन खाडे, वजा ९०० रुपये. जादा काम २४ तास, म्हणजे तीन दिवस, अधिक १,१७० रुपये. गल्ल्यातली घट, वजा ३५०. हाती ११,६२० रुपये.

बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती. चूक भागाकारात होती. ११,७०० ला सव्विसाने भागले तर दिवसाचे ४५० रुपये पडतात आणि तिसाने भागले तर ३९०. खाडा कापताना महिना सव्विसाचा धरला होता आणि जादा काम मोजताना तोच महिना तिसाचा झाला होता. एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतरात. हे जाणूनबुजून केले, की संगणकात कोणी एकदा भरले आणि पुढे तेच चालत आले, ते मला ठाऊक नाही. पण बँकेतल्या अनुभवाने एवढे कळते, की निव्वळ चूक असली तर ती कधी याच्या बाजूला पडते, कधी त्याच्या. दर महिन्याला एकाच बाजूला पडणारी चूक ही सवय असते.

मी पुढे विचारत गेलो. खाडे खरोखर दोन होते का? नाही, एकच. दुसरा खाडा उशिराचा. तीन वेळा दहा-दहा मिनिटे उशीर झाला की एक दिवस कापायचा, असा दुकानाचा नियम. म्हणजे अर्ध्या तासाच्या उशिराला आठ तासांचा पगार. कायदा सांगतो, की माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता, तेवढ्याच वेळाचे पैसे कापता येतात. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतनसंहितेतही आहे.

आणि घट? दिवाळीच्या गर्दीत गल्ल्यात १,४०० रुपये कमी भरले. त्या काउंटरवर चार जणी होत्या, चौघींत वाटून टाकले. कोणाला काही विचारले नाही. कायद्याने, नुकसान त्याच माणसाच्या हलगर्जीपणाने झाले असेल तरच ते कापता येते आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. आमच्या बँकेतही रोखपालाला घट भरून द्यावी लागे; पण त्या जोखमीचा त्याला दरमहा वेगळा भत्ता होता. या मुलींना जोखीम आहे, भत्ता नाही.

जादा कामाचे पैसे नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागतात. सगळे धरून हिशेब केला तेव्हा सुमारे तेवीसशे रुपये कमी निघाले. ती कागदाकडे बघत राहिली. तिच्या धाकट्या भावाची क्लासची फी तेवढीच होती, हे तिनेच मग सांगितले.

"आनि जेवनाच्या सुट्टीचं काय असते, काका?"

हा प्रश्न तिने उठता उठता विचारला. हजेरीपटावर सगळ्यांची सुट्टी एक ते दीड अशी नीट लिहिलेली असते. पण एक वाजता खेड्यापाड्यांची गिऱ्हाइके एसटीतून उतरतात. सोयाबीन विकलेले असते, कापसाचा पहिला पैसा आलेला असतो, घरात लग्न निघालेले असते. एकेका गिऱ्हाइकाबरोबर आठ-आठ माणसे. ती काउंटरवर असताना 'मी जेवून येते' असे म्हणायचे कसे? डबा चार वाजता उघडतो, कधी साडेचारला. कधी उघडतच नाही, आणि घरी आल्यावर आई विचारते म्हणून त्यातली भाकर रस्त्यातल्या गाईला जाते. पाणीही बेताने प्यायचे, कारण वरच्या मजल्यावर जायला पाच मिनिटे लागतात. दिवसभर उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी.

तिचे बोलणे ऐकताना मला माझे वडील दिसत होते.

वडील याच खामगावात एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्या काळी कापसाच्या हंगामात बाजारात गाड्यांची रीघ लागायची आणि सरकीचा वास रात्रीपर्यंत हवेत असायचा. शाळा सुटल्यावर मी दुकानात जायचो तेव्हा ते ताग्यांच्या आडोशाला, दाराकडे पाठ करून, उभ्यानेच जेवताना दिसायचे. शेठ मनाने चांगला होता. आमच्या घरी आजारपण आले तर उचल द्यायचा, दिवाळीला आईसाठी लुगडे पाठवायचा. पण दुपारी एक वाजता 'दिवाणजी, जेवून घ्या' असे त्याने म्हटलेले मला आठवत नाही. दुकानाच्या दर्शनी भागी साप्ताहिक सुट्टीची पाटी होती. त्या दिवशी पुढची दारे बंद असत आणि मागच्या दाराने वडील खतावणी करायला जात. दुकान बंद, दिवाणजी चालू.

दुकानांसाठी कायदा होता. १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम. बाजारात त्याला आजही 'गुमास्ता कायदा' म्हणतात. पाच तासांहून जास्त सलग काम नको आणि मध्ये एक तास विश्रांती हवी, असे त्यात लिहिले होते. नाव गुमास्त्याचे, पण किती गुमास्त्यांनी तो वाचला असेल? 'गुमास्ता' म्हणजे भिंतीवर चौकटीत लावायचे लायसन्स, एवढीच बाजाराची समजूत. २०१७ च्या नव्या कायद्याने हा अधिनियम गेला आणि तासाचा अर्धा तास झाला. शिवाय दहापेक्षा कमी माणसे असलेली दुकाने त्यातल्या बहुतेक नियमांतून बाहेर पडली. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने आणखी बदलांना मंजुरी दिली. दिवसाचे नऊ तास दहा करायचे आणि दहा माणसांची मर्यादा वीस करायची. आमच्या जिल्ह्यात वीस माणसे कामाला असलेली दुकाने किती? बाजारातून एक चक्कर मारली तर बोटांवर मोजता येतील.

या अर्ध्या तासाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारच्या सुट्टीसाठी १० जून १८९० पर्यंत वाट पाहावी लागली. आज आपण ही पुरवणी चहाबरोबर निवांत वाचतो आहोत, त्यात त्या साडेपाच हजार सह्यांचा वाटा आहे. रविवार मिळाला, पण दुपारचा अर्धा तास, वेळेवर पगार आणि नीट हिशेब यांसाठी खामगावची एक मुलगी आजही शेजारच्या काकांकडे कागद घेऊन येते.

दूर केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी तर नुसते बसायला मिळावे म्हणून लढा दिला. दिवसभर उभे राहायचे, लघवीला जायची पंचाईत म्हणून पाणी प्यायचे नाही, अशीच त्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. साध्या स्टुलासाठी दोन राज्यांच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असे नाही. त्यांना कर्जे देण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. कपाशीवर अळी पडली की बाजाराची उधारी थकते. गिऱ्हाईक आता मोबाइलवर भाव बघून येते. वर्षाची कमाई दिवाळी आणि लगीनसराई या दोन हंगामांवर. हे सगळे खरे. पण कापड गिरणीकडून उधार आणले तर ते बिल कोणी परस्पर कमी करून देत नाही. विजेचे बिल तिसाने भागून भरता येत नाही. कमी करता येते ते फक्त त्या माणसाचे, जो विचारणार नाही याची खात्री असते.

मी हे एवढ्या ठामपणे लिहितो, कारण ती खात्री एकदा मीही बाळगली होती.

नव्वदच्या दशकात घाटाखालच्या एका गावी मी शाखा व्यवस्थापक होतो. तिथे रोजंदारीवर एक शिपाई होता. झाडलोट, पाणी, टपाल, सगळे तोच करी. हजेरीच्या वहीचे पान उलटायचे राहिले आणि एका महिन्याचे त्याचे व्हाउचर चार दिवसांनी कमी निघाले. सही माझी. तो माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सायेब, काही दिवस राह्यले वाटते." मार्चअखेर जवळ आली होती. दोन रुपयांचा फरक शोधायला आम्ही रात्री दहापर्यंत बसत होतो. मी मान वर न करता म्हणालो, "क्लोजिंग होऊ दे, मग बघू." क्लोजिंग झाले. माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्याने माझी पेटी एसटीत चढवून दिली, पण तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे मी त्याला एका कादंबरीत आणले. त्याची चाल, टोपी सरळ करायची सवय, सगळे. ते पात्र वाचकांना आवडले. मानधन मला मिळाले. त्याचे चार दिवस तसेच राहिले.

शेजारच्या मुलीला मी हिशेब कागदावर मांडून दिला. तक्रारीचा सूर ठेवू नको, विचारण्याचा ठेव, असे सांगितले. एकटी जाऊ नको, दोघी-तिघी मिळून जा. रोजची येण्या-जाण्याची आणि जेवणाची वेळ स्वतःच्या वहीत तारखेसह लिहीत जा. पगाराचा प्रत्येक कागद जपून ठेव. पूर्वी बुडालेल्या पगाराचा दावा बारा महिन्यांत करावा लागे, आता वेतनसंहितेत तीन वर्षांची मुदत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याचे कार्यालय असते, तिथे अर्ज देता येतो. हे सगळे तिने ऐकून घेतले आणि मग खरे ते विचारले: "आनि कामावरून काढलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नव्हता.

तरी त्या चौघी गेल्या. मुनीमजींनी आधी आवाज चढवला, मग कागद मागून घेतला. आठ दिवसांनी गल्ल्याच्या घटीचे ३५० रुपये प्रत्येकीला परत मिळाले. उशिराचा खाडाही निघाला. जादा कामाच्या दुपटीवर 'शेठजींशी बोलतो' एवढेच उत्तर आहे. आणि जेवायला आता पाळ्या लावल्या आहेत. दोघी जातात तेव्हा दोघी काउंटर सांभाळतात. ती म्हणाली, "दोन वाजता डबा उघडला, काका. भाजी गरम होती थोडी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार दिवसांनी एसटी धरून मी घाट उतरलो. शाखेची इमारत बदलली होती. पण पारावर चौकशी केल्यावर घर सापडले. तो ओट्यावर बसला होता. खूप थकला आहे. त्याने मला ओळखले, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी कशासाठी आलो ते सांगताना माझी जीभ अडखळत होती. इतक्या वर्षांनी ते चार दिवस आजच्या रोजाने मोजून मी पाकिटात घालून नेले होते. ते पुढे केले.

त्याने पाकीट हातात घेतले, टोपी सरळ केली आणि माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला,

"सायेब, चार नाही. पाच दिवस होते."