आधी गेज लावा

डिसेंबर लागला की कसबा पेठेतले शेजारी सकाळी सकाळी दारात येतात. "सर, टायरचा तो पिवळा दिवा लागलाय. सेन्सर गेला का?" गाड्यांचं वायरिंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ही विचारपूस माझ्याकडेच येते. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: गाडी हलवू नका, आधी गेज लावा.

कारण सेन्सर बहुतेक वेळा ठीक असतो. दिवाळीत गावाला जाताना भर दुपारी, चालून तापलेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरलेली असते. ती महिन्याला साधारण एक पीएसआय अशी आपोआप झिरपत राहते. त्यात डिसेंबरची पुण्यातली पहाट दहा-बारा अंशांवर येते. तापमान दहा अंशांनी उतरलं की मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो. ही वजाबाकी केली की सकाळी गेजवर २७ दिसण्यात नवल नाही. गाडी थोडी धावली, टायर तापले की दिवा विझतो आणि माणसाला वाटतं, वायर लूज असेल. वायरचा काही संबंध नसतो, हवाच कमी असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला आकडा बघा आणि गाडी रात्रभर उभी असताना, गार टायरमध्ये तेवढी हवा भरा.

खरा बिघाड दिवा वेगळ्या रीतीने सांगतो. गाडी चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच दोष आहे असा. सुरुवातीपासून स्थिर जळत असेल तर हवा कमी आहे. वर्कशॉपला फोन करण्याआधी एवढं पाहून ठेवा.

मग आपल्या गाडीत दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा कुठली आहे ते ओळखा. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसत असतील तर प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक सेन्सर आहे. नुसता दिवाच असेल तर बहुधा गाडी एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेतल्या चाकांचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या, मदतीने अंदाज बांधते आहे. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं आणि संगणकाला फरक कळतो. आपल्याकडे २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे ही पद्धत स्वस्तात बसते. अशा गाडीच्या चाकात बदलण्यासारखा दाबाचा सेन्सर नसतोच. तरीही कुंभारवाड्यातल्या एका तरुणाला एका वर्कशॉपने चार सेन्सरचा खर्च सांगितला होता. त्याच्या गाडीला फक्त रीसेट हवा होता.

रीसेट म्हणजे हवा भरून झाल्यावर बटण दाबून किंवा मेनूत जाऊन गाडीला 'आताचा दाब बरोबर आहे' असं सांगणं. त्यानंतर तिला काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावं लागतं. पेठेतली अडचण इथेच आहे. फडके हौदापासून पवळे चौकापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. चाकातले सेन्सरही गाडी उभी असताना झोपलेले असतात आणि वेग आल्यावर नियमित बोलू लागतात. तेव्हा पहाटे डेंगळे पूल ओलांडा, मोकळा रस्ता गाठा आणि मगच निष्कर्ष काढा.

आकड्याऐवजी एका चाकापुढे रेघा दिसत राहिल्या तर मात्र त्या सेन्सरवर संशय घ्यावा. त्याची बॅटरी आत बंदिस्त असते, पाच ते दहा वर्षं चालते आणि बहुधा सेन्सरच बदलावा लागतो. टायर काढताना यंत्राचा दणका बसूनही तो फुटतो, म्हणून पंक्चरवाल्याला व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे हे आधीच सांगा. पंक्चरची जेल टाकली असेल तर तिने सेन्सरचं छिद्र बुजू शकतं. टायर अदलाबदल केल्यावर आकडे भलत्याच चाकापुढे दिसत असतील तर एका चाकातली चार पीएसआय हवा सोडा आणि स्क्रीनवर कुठला आकडा उतरतो ते पाहा. हे बिनखर्चाचं निदान मला फार आवडतं.

व्हॉल्व्हच्या टोपणाबद्दल आग्रहाने सांगतो. हौसेने बसवलेलं चकचकीत पितळी टोपण ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पावसाळाभर ओलं राहिलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि टोपण घट्ट बसतं. मग पक्कड लावून पिळलं की व्हॉल्व्ह मोडतो आणि सेन्सरही जातो. तांबट आळीच्या शेजारी राहून पितळेची निंदा करायची नाही मला, पण इथे प्लास्टिकचंच टोपण हवं. व्हॉल्व्हच्या आतली पिनही निकेलचा मुलामा असलेली मागा.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो? अमेरिकेत फायरस्टोनचे टायर फुटून, फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून दोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा २००० साली तिथे कायदा झाला आणि हा दिवा सक्तीचा होण्याची वाट मोकळी झाली. पण त्या नियमात इशारा द्यायची मर्यादा शिफारशीच्या दाबापेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. ३३ हवी तिथे पंचविसाच्या खाली गेल्यावर! इतक्या कमी हवेचा टायर बाजूने दबत-फुगत राहतो, तापतो आणि वेगात फाटतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर लोक १२० च्या वेगाने तासन् तास जातात. शिवाय २०२० पासून आपल्याकडे टायरच्या दाबाची ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा किट असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाडीला स्टेपनीशिवाय विकायची मुभा मिळाली आहे. अशा गाडीत बिघडलेला दिवा तसाच ठेवून घाट उतरू नका. दिवा चांगला असला तरी महिन्यातून एकदा गार टायरला गेज लावा.

ज्यांच्याकडे स्टेपनी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं: तिच्यात बऱ्याचदा सेन्सर नसतो. ती लावल्यावर दिवा लुकलुकला तर घाबरू नका. पंक्चर काढून मूळ चाक परत बसवलं आणि गाडी थोडी पळाली की तो बंद होतो.