हजार-दीड हजारांचा रोबो

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने रोबोवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. जॅकार्डचा माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना वाटू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने धागे उचलणारा हा माग फ्रान्समध्ये १८०४ साली आला. शाळकरी मुलांचा रोबो त्याच जातीचा. पुठ्ठ्याच्या जागी प्रोग्राम आला, इतकेच.

गेल्या सुटीत अहिल्यानगरच्या कापड बाजारातील आमच्या दुकानात भाच्याच्या मुलाने अशी गाडी जोडली. प्लास्टिकची पाटी, दोन लहान गिअर मोटारी, अर्डुइनो जातीचा बोर्ड, मोटारींचे कार्ड आणि दोन सेन्सर. सारे हजार-दीड हजारांत. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे भाग सुटेही मिळतात. फरशीवर काळी चिकटपट्टी लावली की गाडी तिच्यावरून चालते. सेन्सर डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतो; ते पांढऱ्यावरून परततात, काळ्यात जिरतात. उजव्या सेन्सरला काळे लागले की उजवे चाक थांबते आणि गाडी उजवीकडे वळते.

पण आमची गाडी थोड्याच वेळात थकली. प्रोग्राम चुकला असे समजून पोरगा डोके धरून बसला. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या शागिर्दाने मीटर लावून सांगितले, "ही ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दोन मोटारींचा भार ओढणार नाही. चार्जिंगचे दोन सेल लाव." या शागिर्दाची शाळा आठवीनंतर सुटलेली. त्याला प्रोग्राम येत नव्हता, आमच्या पोराला मीटर धरता येत नव्हता. संध्याकाळी दोघांनी मिळून गाडी चालती केली.

सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून आहे. सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाखांपर्यंत मदत मिळते. ज्यांना मिळाली नाही त्यांनी थांबून का राहावे? आपल्या पारनेर तालुक्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुलेही तिथे हाताने काम करत शिकतात.

आपले व्यापारी शाळांना बक्षिसाच्या ढाली देतात. त्याऐवजी पाच कीट द्यावेत आणि एखाद्या मिस्त्रीला दोन संध्याकाळची मजुरी देऊन मुलांसोबत बसवावे. भाग सुटे न मिळणारा बंद डबा मात्र घेऊ नये. एक मोटार गेली की तो कपाटात पडतो. एखादा बोर्ड जळेलच, तेव्हा पाचांबरोबर एक जादा घ्यावा.