कोंबडं झाकायचं कशासाठी?

बालमित्रांनो, ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण तुम्ही मराठीच्या पेपरात कधी ना कधी लिहिली असेल. अर्थ सांगितला असेल, वाक्यात उपयोग केला असेल आणि दोन गुणही खिशात टाकले असतील. पण मुळात कोंबडं झाकायचंच कशाला? सूर्याला अडवायला नक्कीच नाही!

आजीला विचारा, ती लगेच सांगेल. पूर्वी गावात दिवेलागणीची वेळ झाली की कोंबड्या ‘झाकल्या’ जात. बांबूच्या कामट्यांचं मोठं डालगं उपडं घालायचं, आत कोंबड्या आणि वर एक जड दगड. तो दगड विसरला तर सकाळी अंगणात नुसती पिसं! रात्री मांजर, कुत्रं यांपैकी कुणी ना कुणी येऊन जायचंच.

आता डालगी कमी झाली, पण पाहुणे तेच आहेत. नागपूरचंच बघा ना. एका अंगाला गोरेवाड्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला अंबाझरीची झाडी, मध्येच सेमिनरी हिल्सची टेकडी. हिंगणा, कामठी, कळमेश्वरकडे तर घराचं परस संपलं की शेत आणि शेत संपलं की झुडपं. अशा ठिकाणी चार गावठी कोंबड्या पाळल्या, की ही बातमी तुमच्या मित्रांच्या आधी मुंगसाला कळते.

कोंबडी रात्री इतकी असहाय का असते? कारण अंधारात तिला जवळजवळ दिसतच नाही. तिचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. कान्हाच्या जंगलात तो आजही आहे. अंधार पडायच्या आत तो झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो आणि उजाडेपर्यंत हलत नाही. आपली कोंबडीही संध्याकाळी उंच जागा शोधते ती याच सवयीने. म्हणून खुराड्यात आडवी दांडी हवीच. जमिनीवर झोपायला लागलेली कोंबडी बेचैन असते.

दिवसा मात्र ती चांगली हुशार असते, बरं का! कोंबड्याचं आरवणं आपण ऐकतो, पण त्याच्या धोक्याच्या हाकांकडे कुणाचं लक्ष नसतं. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की तो एक बारीक, लांबट आवाज काढतो. तो ऐकला की कोंबड्या आडोशाला पळतात, दबून बसतात. जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर हाक वेगळी असते, तुटक आणि जोरजोरात कुकारल्यासारखी. मग कोंबड्या दबत नाहीत, मान ताठ करून चहूकडे बघतात. शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना नुसते ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून ही गोष्ट तपासली आहे. शत्रू दिसत नसतानाही कोंबड्या योग्य तेच करत होत्या! म्हणजे ‘वरून’ आणि ‘खालून’ यांना कोंबड्यांच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत म्हणा ना. तुमच्याकडे कोंबडा असेल तर आठ दिवस कान देऊन ऐका.

आता जरा डिटेक्टिव्ह होऊ या. कोंबडी किंवा अंडी गेली की घरात सगळे लगेच मुंगसाचं नाव घेतात. पण आधी पुरावा बघायला हवा. भर दुपारी उघड्या अंगणातून एखादं पिल्लू नाहीसं झालं आणि आजूबाजूला काहीच सांडलेलं नाही, तर आधी वर बघा. घार किंवा कावळा असण्याची शक्यता जास्त. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप आला असेल, कारण तो अंडं अख्खं गिळतो. टरफलं फुटून पडली असतील तर मुंगूस किंवा कावळा. खुराड्याच्या भिंतीखाली ताजं बीळ दिसलं तर घूस. छपराची बाजू उचकटली असेल तर उदमांजर. हा प्राणी झाडावर सरसर चढतो आणि जुन्या घरांच्या माळ्यावर राहतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि चार-पाच कोंबड्या मारून तशाच टाकलेल्या असतील तर बहुतेक मोकाट कुत्री.

मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे, हेही लक्षात ठेवा. मध्यरात्रीच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेणं बरोबर नाही!

एका गोष्टीनं मात्र माणसं फार चिडतात. भूक एका कोंबडीची, मग सगळ्या का मारल्या? हान्स क्रूक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १९७२ साली यावर लिहिलं. रात्रीच्या गडद अंधारात हलू न शकणाऱ्या समुद्रपक्ष्यांना कोल्हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारतात, हे त्यानं इंग्लंडमध्ये पाहिलं होतं. एरवी जंगलात एक सावज पकडलं की बाकीची पळून जातात आणि शिकार तिथेच थांबते. बंद खुराड्यात पळणार कुठे? समोर फडफड चालूच राहते आणि शिकाऱ्याचा जबडाही चालूच राहतो. यात दुष्टपणा नाही. दार नीट लावलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून दाराकडे वळू. बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून षट्‌कोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते हे खरं, पण कुत्रं ती दातांनी फाडतं आणि लहान प्राणी भोकांतून शिरतात. त्यापेक्षा अर्धा इंच भोकाची वेल्डमेश घ्यावी. पैसे जास्त पडतात, पण एकदाच पडतात. जाळी जमिनीपाशी संपवू नका. फूटभर खाली पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी अंथरून वर माती-दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो. जाळी लागली की त्याला दोन पावलं मागे जाऊन उकरायचं सुचत नाही. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि तिच्यात खिळा हवा.

‘मग चारही बाजूंनी पत्राच ठोकू की!’ असं कुणी म्हणेल. पण नागपूरचा मे महिना विसरलात काय? पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. बंद पत्र्याच्या खोक्यात मुंगूस शिरणार नाही, पण दुपारपर्यंत कोंबड्याच राहणार नाहीत. म्हणून वरच्या भागात जाळी, हवा खेळती आणि खुराडं कडुनिंबाच्या सावलीत. फक्त निंबाची फांदी छपरावर टेकू देऊ नका, नाहीतर उदमांजराला आयता जिना!

सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत. दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. रात्री कोंबड्या एकाएकी ओरडायला लागल्या तर अंधारात हात घालायचा नाही. मोठ्यांना उठवा, टॉर्च लावा. नाग दिसला तर लांब उभं राहून सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

आणि विष? काही जण मुंगसासाठी विष घातलेलं मांस ठेवतात. ते खातं शेजारचं कुत्रं. ते मेलं की त्याला टोचायला घारी येतात, त्याही मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगूस, रानमांजर, उदमांजर, नाग या सगळ्यांना संरक्षण दिलेलं आहे. त्यातून मुंगूस गेलं की उंदीर माजतात, ते वेगळंच.

कधी कधी गाडी उलटीही चालते. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये समजला : बर्ड फ्लू! संशय गेला तो त्यांच्या खाण्यातल्या कोंबडीवर. म्हणजे वाघाला कोंबडीनं मारलं म्हणायचं का? मारलं ते विषाणूनं. पण त्यामुळेच कोंबड्या एकाएकी मरायला लागल्या तर मेलेला पक्षी हातात घ्यायचा नाही, उकिरड्यावर फेकायचा तर मुळीच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवायचं.

रोज संध्याकाळी दार लावताना कोंबड्या मोजायचं काम घरातल्या शाळकरी मुलांनी अंगावर घ्यावं. आठ असायला हव्यात आणि सातच भरल्या, तर लगेच रडारड करू नका. आधी झुडपाखाली, लाकडांच्या ढिगामागे, गवताच्या गंजीत बघा. कोंबडी कधी कधी चोरून अंडी घालते आणि खुडूक झाली की तिथेच उबवायला बसते. सापडली तर अंधार पडल्यावर मोठ्यांच्या मदतीनं तिला अंड्यांसकट हळूच टोपलीत घालून खुराड्यात आणा आणि कॅलेंडरवर २१ दिवस मोजायला सुरुवात करा.