प्लायवूड निघाले, आता भिंतीचे काय?

घराची दुरुस्ती : लेखांक ९

अमरावतीच्या अंबापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत सजवलेल्या अनेक बैठकींत एक भिंत लाकडाने मढवलेली असे. सनमाइका लावलेले प्लायवूड, मधून पितळी पट्टी, बाजूला शोकेस. आता ही पॅनेल उतरवली जात आहेत. काही उधईने पोखरली म्हणून, काही खोली अंधारी वाटते म्हणून. सुतार सकाळी येतो आणि दुपारपर्यंत भिंत उघडी होते. मग घरमालक रंगाऱ्याला फोन करतो. घाई होते ती इथेच.

पॅनेलमागची भिंत वर्षानुवर्षे कोणी पाहिलेली नसते. दीड-दोन फुटांवर ठोकलेल्या लाकडी गिट्ट्यांची भोके, चिकटलेल्या फेविकॉलचे थर, जुना डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट, उधईच्या मातीच्या रेघा आणि खालच्या दोन-तीन फुटांत लोणा म्हणजे क्षारांची पांढरी पूड, असे बरेच काही तिथे एकत्र सापडते. भोके बुजवणे यातले सर्वांत सोपे काम. वऱ्हाडात भिंतीचा खरा शत्रू लोणा आहे.

त्याचे कारण जमिनीत आणि पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर इथल्या लोकांना खारे पाणी म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे गोडे पाणी मिळते. पण अकोल्यात नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे बांधकामावर सर्रास बोअरचे पाणी वापरले जाते. त्यातले क्षार प्लास्टरमध्ये उतरतात. ओल आली की ते विरघळतात, भिंत वाळताना पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात आणि तिथे त्यांचे खडे बनतात. हे खडे वाढताना पुट्टी आणि रंग आतून ढकलतात. वरून कितीही गुळगुळीत हात मारा, पोपडे सुटणारच. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे, अशी मर्यादा आयएस ४५६ या भारतीय मानकात घातली आहे. बोअरचे पाणी तपासून घेण्याचा खर्च एका भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी कमी असतो.

ओलीचा दुसरा स्रोत घरातच असतो: कूलर. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कूलर रात्रंदिवस चालतो. त्याची दमट हवा खिडकीलगतच्या पॅनेलमागे शिरते आणि तिथेच कोंडते. लाकूड ओलसर राहिले, की उधईला आयतेच आमंत्रण.

म्हणून पहिले काम उधईचे. मातीच्या रेघा नुसत्या झाडून चालत नाही. भिंतीतल्या लाकडी गिट्ट्या एकूणएक उपटून काढाव्यात. लाकूड आत राहिले तर उधईचे खाद्य आत राहिले. मग जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोके पाडून औषध सोडतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

जुना रंग खरवडताना सावध राहायला हवे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, मास्क लावावा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. लोण्याचे मात्र याच्या नेमके उलटे आहे. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

मग भिंत वाजवून पाहावी. जिथे पोकळ आवाज येतो तिथले प्लास्टर विटेपर्यंत काढून गोड्या पाण्यात कालवलेल्या १:४ मालाने भरावे आणि सात दिवस पाणी मारावे. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी. भेग वाढत असेल तर तिच्यात सिमेंट भरणे व्यर्थ आहे. तिथे लवचीक ॲक्रिलिक फिलर लागतो. वाढ थांबतच नसेल तर पाया पाहणाऱ्या इंजिनिअरला बोलवावे.

भिंत वाळली का, हे हाताने कळत नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर थांबावे. हे थांबणे कोणालाच आवडत नाही, रंगाऱ्याला तर नाहीच. पण सगळा खर्च वाचतो तो इथेच.

व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत, एकूण दीड मिलिमीटरच्या आसपास द्यायची असते. अर्धा इंचाचा खड्डा पुट्टीनेच भरण्याची सवय सर्रास दिसते. तो थर वाळताना तडकतो. खड्डे आधी मालाने भरावेत, पुट्टी फक्त सफाईसाठी. पॉलिश पेपर मारताना विजेरी भिंतीला अगदी तिरपी धरली की ट्यूबलाइटमध्ये न दिसणारे चढउतार उघडे पडतात.

भिंत फारच वेडीवाकडी असेल तर हल्ली जिप्सम बोर्ड सुचवला जातो. बोर्ड उत्तम वस्तू आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना कागद असतो. ओल्या भिंतीवर त्या कागदाला बुरशी धरते, आणि उधई कागदही खाते. म्हणून लाकडी रिपांऐवजी पत्र्याचे चॅनेल वापरावेत, आणि फरशी पुसण्याचे पाणी चढू नये म्हणून बोर्ड फरशीपासून सुमारे एक सेंटिमीटर वर ठेवावा. सांध्यांवर कागदी टेप लावून जॉइंट कंपाउंडचे तीन हात द्यावेत, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

या कामाला दिवाळीनंतरचे, होळीपर्यंतचे दिवस बरे. हवा कोरडी असते आणि कूलर बंद असतात. मे महिन्यात प्लास्टर इतक्या झपाट्याने सुकते की त्याला ताकदच येत नाही. लोणा आलेल्या भिंतीला पहिले वर्षभर ऑइल पेंट लावू नये. वाफ बाहेर जाऊ देणारा चुना किंवा साधा डिस्टेंपर लावावा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. तरीही खालच्या दोन फुटांत पांढरी पूड आली, तर ओल जमिनीतून चढते आहे, असे धरावे. त्या ओलीवरचे उपाय पुढच्या लेखात.