नजरबादचे दगड आणि भाचीचे हत्ती

म्हैसूरच्या राजवाड्याच्या पूर्वेला नजरबाद आहे. आज तिथे वस्ती आहे, किल्ला नाही. दहावीतल्या भाचीला तिथे फिरता फिरता मी त्याची गोष्ट सांगितली. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि तेच दगड नेऊन जवळच्या उंचवट्यावर नवा किल्ला बांधायला घेतला, तो हा नजरबाद. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू पडला, जेमतेम पाच वर्षांचा कृष्णराज गादीवर आला आणि नजरबादचे दगड काढून पुन्हा जुन्या जागी नेले.

"म्हणजे तेच दगड दोनदा वाहिले?" भाची हसत सुटली. १७९९ हे साल तिने शाळेत घोकलं होतं आणि पेपरानंतर विसरलीही होती. दगडांबरोबर ते आता परत आलं.

हे होतं कसं? हसू, अचंबा, भीती, काहीही दाटून आलं की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन आणि मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढतं. अमिग्डाला हा बदामाएवढा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसकडून आठवण पक्की करून घेतो. ते काम त्या क्षणी संपत नाही. लोणच्यासारखी आठवण पुढे कित्येक तास, झोपेतसुद्धा, मुरत राहते.

१९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. तिच्या मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्याने लोकांना तोच भाग जास्त आठवला. पण ज्यांना आधी अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी दिली होती, त्यांना तो भाग इतर भागांपेक्षा विशेष आठवला नाही.

मग छडी उगारली तर? लक्षात छडी राहते, धडा नाही. घाबरलेलं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. परीक्षेच्या धास्तीने कॉर्टिसॉल वाढलं की पाठ असलेलंही ऐन वेळी सुचत नाही, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच आठवतं. हा अनुभव कुणाला नाही?

महिन्याभराने भाचीने तीच गोष्ट आजीला रंगवून सांगितली. साल बरोबर, राजाचं वय बरोबर. फक्त दगड हत्तींनी ओढले होते. मी हत्तींचं नावही घेतलं नव्हतं; ते बहुधा दसऱ्याच्या चित्रांतून आले असावेत. ठसठशीत आठवण खरी असेलच असं नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, सनावळी फळ्यावर लिहिण्याआधी दगडांची गोष्ट जरूर सांगा. आणि आठवड्याने मुलांकडून ती परत ऐका, हत्ती काढून टाकण्यासाठी.