अंगणातला हौद आणि मासे

कामगार चळवळीतल्या माणसाने माशांवर काय बोलावे, असे पुष्कळांना वाटेल. परंतु मी शाळा चौथीत सोडली; पुढे जे शिकलो ते चुका करूनच शिकलो. माशांचेही तसेच झाले.

सांगलीस आमच्या कचेरीमागे चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल असा हौद आहे. म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. शेजारच्या मुलांनी त्यात गप्पी मासे सोडले. एका वर्षी १ मेच्या झेंडावंदनासाठी आवार झाडताना मी उत्साहाने हौदही घासून लख्ख केला आणि नळाच्या ताज्या पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सारे मासे मरून तरंगत होते. मुले मला काही बोलली नाहीत. तेच अधिक लागले.

मासे का मेले? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवले, म्हणजे तो बराचसा उडून जातो. दुसरे कारण डोळ्यांना न दिसणारे. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष तयार होते. हौदाच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. ही फौज जमायला चार-सहा आठवडे लागतात. मी घाण म्हणून खरवडली ती हीच!

म्हणून सारे पाणी कधीच बदलू नये. आठवड्यास चौथा हिस्सा काढून झाडांना घालावा. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे द्यावे. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर हौदावर सावली करावी. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतले दगडी हौद चांगले. नव्या सिमेंटचा हौद मात्र चुना उतरेपर्यंत अनेकदा भरून रिकामा करावा.

आता मुद्द्याची गोष्ट. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधला. डेंग्यूचा डास तर घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी मासा त्याच्या अळ्या खातो. तापाने आठवडाभर अंथरूण धरले, तर रोजंदारीवाल्याची चूल थंडावते. तेव्हा मूठभर मासे हा श्रीमंतांचा शौक नव्हे.

पण एक पथ्य आहे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. नदीत गेला की तो इथल्या लहान माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर सांगलीत घरांघरांत शिरला, तेव्हा कित्येक अंगणांतले हौद पाण्याखाली गेले. म्हणून नदीकाठच्यांनी पुराचा इशारा मिळताच मासे झाकणाच्या बादलीत काढून उंचावर न्यावेत. वाढलेली पिल्ले ओढ्यात सोडू नयेत. शेजाऱ्याच्या हौदासाठी द्यावीत.

आमच्या हौदात आज पुन्हा मासे आहेत. मुलांनीच आणले. हौदावर त्यांनी खडूने लिहिले आहे: 'काका, घासू नका.'