जिंतूरच्या डोंगरपट्ट्यासाठी एक मध्यवर्ती आरोग्यकेंद्र

औषधी वनस्पती नामरूपाने ओळखणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांचा उल्लेख चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात येतो. मात्र केवळ नामरूप जाणल्याने औषधाची योजना कळत नाही, हेही आचार्य तेथेच बजावतात. वनवासींचे ज्ञान व शास्त्र यांची गाठ कोठे पडावी, हा प्रश्न आपल्या परभणी जिल्ह्यापुढेही आहे.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा, कळमनुरीकडील आंध आदिवासींची वस्ती तिकडे गेली. जिंतूर तालुक्यातील आंध वस्ती परभणीतच राहिली. संख्या थोडी असल्याने तिच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार मागे पडतो. रुग्ण प्रथम गावातील जाणत्याकडे, मग आपल्यापैकी एखाद्या वैद्याकडे व शेवटी रुग्णालयात जातो. प्रत्येक ठिकाणी त्याची हकिकत नव्याने सुरू होते, कारण आधीची नोंद कोणाजवळच नसते.

याचा धोका पांडुरोगात स्पष्ट दिसतो. आपण मंडूर वा नवायस लोह देतो. गुण न आल्यास रुग्ण दुसरा वैद्य गाठतो आणि तेथेही लोहकल्पच मिळतो. मुळाशी सिकलसेल असेल, तर रक्ततपासणीवाचून तो कळणार कसा? १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. संशयित रुग्ण वेळीच तपासणीस पाठविणे हे आपलेही कर्तव्य होय.

केंद्र कसे असावे, याचा धडा गडचिरोलीत मिळतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी शोधग्राम येथील दवाखाना गोंड लोकांना विचारून, त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या रचनेत उभारला. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी केलेल्या सेवेमुळे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्राचे बळ इमारतीपेक्षा गावापर्यंत पोहोचलेल्या माणसांत असते, हे यावरून दिसते.

जिंतूरला प्रारंभी एक खोली पुरेल. बाजाराच्या दिवशी तेथे एक वैद्य बसावा, प्रत्येक रुग्णाची एकच नोंदवही असावी आणि सर्पदंश, अवघड बाळंतपण, तीव्र ज्वर अशा रुग्णांना विनाविलंब रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था असावी. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी संपर्क ठेवावा.

औषधालयांच्या मालकांनाही येथे काम आहे. शंखपुष्पी वा रास्ना या एकाच नावाखाली बाजारात भिन्न वनस्पती येतात. जाणत्यांकडून ओळख पटवून घेतलेले नमुने केंद्रात ठेवावेत. वनस्पती गोळा करणाऱ्यांना रास्त भाव व त्यांच्या ज्ञानास श्रेय मिळावे.

मात्र यातील काहीही ठरविण्यापूर्वी आंध गावांतील जाणते व स्त्रिया यांच्यासमवेत बसावे, अशी जिंतूर परिसरातील सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.